मोठ्या साहेबांच्या कानावर घालण्याआधी

बहिणीचा साखरपुडा होता. दोन दिवसांची रजा हवी होती. पण विभागप्रमुखांनी "महिनाअखेर आहे, पगाराची बिले जायची आहेत," असे सांगून अर्ज परत केला. नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेल्या त्या मुलीने दुपारी जिन्यात भेटलेल्या मोठ्या साहेबांच्या कानावर ही गोष्ट घातली. साहेब भले गृहस्थ. "जा की, त्यात काय!" म्हणाले. साखरपुडा थाटात झाला. परत आल्यावर मात्र विभागप्रमुख तिच्याशी कामापुरतेच बोलू लागले. तिला वाटले, हा माणूस डूख धरून बसला आहे.

खरी गोष्ट शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डबा खाताना सांगितली. त्याच दोन दिवसांसाठी विभागातल्या दोघांची रजा आधीच मंजूर झाली होती. मोठ्या साहेबांना याची कल्पनाच नव्हती. शेवटी विभागप्रमुखांनी रात्री उशिरापर्यंत बसून बिले स्वतः पुरी केली, कारण ती रखडली असती तर जाब त्यांनाच विचारला गेला असता. खरे पाहता मुलीपेक्षा मोठ्या साहेबांचेच अधिक चुकले. "तुमच्या साहेबांशी बोलतो," एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

सरकारी कचेऱ्यांत अर्ज 'योग्य मार्गाने' पाठवावा लागतो, म्हणजे आधी लगतच्या वरिष्ठांकडे आणि मग त्यांच्या शेऱ्यासह वर. पण शिस्त फक्त हाताखालच्यांनीच पाळायची असते, असे नाही. केंद्र सरकारी नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठांचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा लागतो. तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठांनी तो लगेच लेखी कळवायचा आणि आदेश घेणाऱ्यानेही तसे मागून घ्यायचे. शिवाय आपल्या अधिकारातल्या गोष्टीही ऊठसूट वर विचारून जबाबदारी झटकायला हे नियम वाव देत नाहीत. असे झटकणारे प्रत्येक कचेरीत दोन-तीन तरी सापडतातच!

आणि त्रास देणारा साहेब स्वतःच असेल तर? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी ही उतरंड चढावी लागत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार थेट समितीकडे करता येते. लहान आस्थापनांतल्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तेथे साहेबांच्या शेऱ्याची वाट पाहत बसू नये.

त्या मुलीने दिवाळीच्या रजेचा अर्ज महिनाभर आधी विभागप्रमुखांच्याच हातात दिला. आपल्या मागे काम कोण पाहणार, तेही त्यात लिहिले होते. विभागप्रमुखांनी अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि विचारले, "बहिणीचे लग्न कधी आहे? ती तारीख आताच सांगून ठेवा."