औषध तेच, वाट वेगळी

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला खानापूरकडच्या एका आजींचा फोन आला. तीन वर्षांची नात कानदुखीने कळवळत होती. सिरप पाजले की उलटी, म्हणून सुनेने पॅरासिटामॉलची सपोझिटरी, म्हणजे शौचाच्या जागेतून सरकवायची कांडी, दिली होती. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तास झाला की! पोरगी रडायची थांबेना. आता सिरप देऊ काय?"

मी म्हटले, "आजी, आता काही देऊ नका. औषध अजून वाटेतच आहे."

तोंडाने घेतलेले पॅरासिटामॉल पोटातून पुढे लहान आतड्यात गेले, की तिथून झटपट रक्तात उतरते. सिरपचा जोर साधारण अर्ध्या ते एका तासात येतो. भरल्या पोटी थोडा उशीर लागतो. सपोझिटरी मात्र आधी अंगाच्या उबेने विरघळावी लागते. त्या जागी ओलावा कमी आणि शोषणारा भागही लहान. त्यामुळे पूर्ण जोर यायला दोन-तीन तास लागू शकतात. मध्येच शौचाला झाली तर काही औषध वायाही जाते. एकाच मात्रेचा गुण दोन मुलांना सारखा येईल असे नाही.

खरा धोका इथेच आहे. गुण दिसेना म्हणून आई सिरप देते, आणि पुढे दोन्ही मात्रा रक्तात एकत्र येतात. नात १२ किलोची, कांडी १७० मिलिग्रॅमची. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने ती एक पूर्ण मात्राच झाली. अशी दुहेरी मात्रा वारंवार गेली तर यकृताला इजा होते.

म्हणून मूल औषध पोटात ठेवत असेल तर सिरपच बरे. उलट्या होत असतील किंवा मूल गुंगीत असेल तर सपोझिटरी. पण गुंगीतल्या मुलाला आधी डॉक्टरांकडे न्या. अर्धी कांडी कापून देऊ नका. वाट कुठलीही असो, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नकोत. सिरपच्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२० की २५० मिलिग्रॅम, हेही वाचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

त्या रात्री साडेबाराला पुन्हा फोन आला, "झोपली बघा." सकाळी आजी नातीला घेऊन कान दाखवायला आल्या. मी त्यांना एवढेच सांगितले, औषध दिले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहा. रात्री घाबरलेल्या घरात कुणी काय कधी दिले, हे कुणालाच आठवत नाही.