डौलदार गाडी आणि दुकानाची वही

मालेगावहून भिवंडीला कामानिमित्त आमचे वरचेवर जाणे होते. पूर्वी एस.टी.ने जात असू. आता 2012 सालची डिझेल स्विफ्ट आहे. ही गाडी चालविण्यात मजा आहे, हे आधीच कबूल करतो. स्टिअरिंग हलके आहे आणि वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. परतताना कसारा घाटात मात्र इंजिन मंद पडू द्यायचे नाही. फेरे दोन हजारांच्या खाली गेले की टर्बो झोपतो. एक गिअर खाली घेतला की तीच गाडी अशी उसळते की शेजारी बसलेले वडीलधारे "अरे, सावकाश" म्हणू लागतात!

मागे बसणाऱ्यांना एवढे सुख नाही. बाजूच्या काचा मागे निमुळत्या होत गेल्या आहेत. मागची काचही लहान, त्यामुळे मोहल्ल्याच्या बोळात गाडी मागे घ्यायची तर मान बाहेर काढावी लागते. डौलाची ही किंमत आम्ही आनंदाने मोजतो.

आमच्या व्यापारी आणि कारखानदार बांधवांशी बोलायचे आहे ते दुसऱ्याच किमतीविषयी. मे 2005 मध्ये आपल्या देशात दोन गाड्या बाजारात आल्या. एक ही स्विफ्ट आणि दुसरी टाटा एस, जिला लोकांनी छोटा हत्ती हे नाव दिले. एक डोळ्यांत भरणारी, दुसरी माल भरून नेणारी. घोटाळा होतो तो पहिली घेताना दुसरीचा हिशेब सांगण्यात. "दुकानाच्या कामाला येईल" असे म्हणून घरच्यांची आणि स्वतःचीही समजूत काढली जाते.

कामाला किती येते ते डिकी उघडून पाहावे. 2011 साली नवी स्विफ्ट आली तेव्हा ती जुनीपेक्षा लांब झाली आणि डिकी मात्र 232 लिटरवरून 204 लिटरवर आली. 2018 मध्ये ती 268 झाली, 2024 च्या गाडीत 265 आहे. शिवाय डिकीचा काठ उंच, म्हणजे कापडाचा प्रत्येक तागा कमरेच्या वर उचलून आत सोडायचा. मागचे आसन पाडले तर माल बसतो, पण मग माणसे बसत नाहीत. नमुन्याच्या साड्या नेण्यापुरती ती ठीक आहे.

दुसरी समजूत कराची. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, वरचा उपकरही गेला. गाडी स्वस्त झाली हे खरे. पण प्रवासी मोटारीवर भरलेल्या या कराची वजावट कापडाच्या व्यापाऱ्याला दुकानाच्या विवरणपत्रात मिळत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवर ती मिळते. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना तर दोन्हीकडे नाही. बिलावर दुकानाचा नंबर घालून घेतला म्हणून यात फरक पडत नाही.

सूत रोखीने उचलणाऱ्याला चार पैसे कमी पडतात, हे यंत्रमागवाल्यांना आम्ही काय सांगावे? गाडीसाठी भांडवलातून काढलेली रक्कम सुताचा भाव चढतो तेव्हाच आठवते. गाडी जरूर घ्यावी, ऐपत असेल तर आवडीचीच घ्यावी. आमची स्विफ्ट घरखर्चाच्या वहीत लिहिलेली आहे आणि माल आजही भाड्याच्या टेम्पोने जातो.