एक्स-रे निघाला म्हणून गर्भपात?

दिवस गेल्याचे ठाऊक नसताना एक्स-रे काढला गेला, की घरात घबराट पसरते. शेजारीपाजारी म्हणतात, मूल अपंग होईल. काही डॉक्टरही 'धोका कशाला पत्करता?' म्हणून गर्भ पाडण्याचा सल्ला देऊन मोकळे होतात. गर्भाला किरण लागले किती, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझा आक्षेप आहे तो यालाच.

ही मात्रा गर्भाजवळ यंत्र ठेवून मोजता येत नाही. ती हिशेबाने काढावी लागते. यंत्राचे किलोव्होल्ट व मिलिअँपिअर, किती फिल्म काढल्या, पोटाची जाडी, गर्भ किती खोल आहे, यांवरून तज्ज्ञ ती 'मिलिग्रे' या एककात सांगतात.

छातीच्या एक्स-रेत किरणांचा झोत पोटावर पडतच नाही. गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेहूनही कमी मात्रा पोहोचते. पोटाच्या एका एक्स-रेत ती साधारण १ ते ४ मिलिग्रे असते. ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ती २५ च्या आसपास, क्वचित त्याहून बरीच जास्त होऊ शकते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० साली स्पष्ट सांगितले, की १०० मिलिग्रेहून कमी मात्रेसाठी केवळ किरणांच्या भीतीने गर्भपात करणे समर्थनीय नाही.

याचा अर्थ किरण निरुपद्रवी आहेत असा नव्हे. गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या मातांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक आढळते, हे इंग्लंडच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ साली दाखवले. म्हणून सोनोग्राफीने भागत असेल तर पोटाचा एक्स-रे नको. पण अपघात झाला, क्षयाची शंका आली, तर आवश्यक तपासणी टाळणे हेही आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळणे आहे.

भगिनींनो, पाळी चुकली असेल तर यंत्राखाली जाण्यापूर्वी न लाजता सांगा. नंतर कळले तर घाबरू नका; तपासणीची तारीख, कोणत्या भागाचा फोटो आणि यंत्राच्या नोंदी मागून घ्या आणि क्ष-किरणतज्ज्ञाला दाखवा. एक्स-रे केंद्रांनीही या नोंदी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवाव्यात. त्याला फार तर अर्धा मिनिट लागतो.

ताप किती हे थर्मामीटर लावल्याशिवाय आपण ठरवत नाही. मग पोटातल्या जिवाचा निर्णय नुसत्या अंदाजावर का घ्यावा?