शेगडी कुठे ठेवणार?

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून दादाने फोटो पाठवले. घरामागच्या हिरवळीवर गोल झाकणाचा बार्बेक्यू, दादाच्या हातात चिमटा, पोटावर ॲप्रन. झालं! मामाचं बघून आमच्या चिरंजिवांनी त्याच रात्री नेटवर शोधाशोध सुरू केली. "आपल्या बाल्कनीत मस्त बसेल!" आणि नवल म्हणजे बाबाही त्याच्याच बाजूने. वाईटपणा घ्यायला उरले मी.

बाबांचं कारण वेगळं होतं. परळच्या चाळीत आमची शेगडी गॅलरीत असायची. जुन्या बादलीला आतून माती लिंपलेली, मध्ये लोखंडी सळ्या, खाली राख काढायला भोक. वखारीतून आणलेला लोणारी कोळसा पेटवला की पुठ्ठ्याने वारा घालायचं काम माझं. घरात गॅस आला तरी भरताचं वांगं आणि सुके बोंबील तिच्यावरच. वास अख्ख्या मजल्यावर जायचा, मग वाटीही जावी लागायची.

गंमत म्हणजे दादाच्या त्या झाकणवाल्याचा पूर्वजही असाच भंगारातला म्हणायचा. शिकागोजवळ वेबर ब्रदर्स नावाच्या धातूच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने १९५२ मध्ये बोयाचे दोन अर्धगोल घेऊन तो केला. आम्ही बादली कापली, त्याने बोया. पण त्याला झाकण हवं होतं ते वाऱ्यामुळे, आणि तिकडे मांसाचे जाडजूड तुकडे भाजायचे असतात. झाकणाने उष्णता आत कोंडते, भट्टीच होते. आपण भाजतो काय? बांगडा, कणीस, वांगं, पापड. ह्यांना थेट निखारा लागतो, झाकण नाही. (ओला बोंबील तर जाळीवर ठेवूच नये. बहुतेक पाणीच ते, तुटून निखाऱ्यात पडतो. त्याची जागा तव्यावर.) विजेचं ग्रिल घेऊन बघितलं, वाईट नाही, पण माशाचं तेल निखाऱ्यावर ठिबकून जो धूर उठतो, तो तिथे कुठून येणार?

तर कोळसाच हवा, हे मला मान्य. भांडण जागेचं.

आमची बाल्कनी आता बाल्कनी राहिलेली नाही. लालबागच्या ह्या टॉवरमध्ये आल्या आल्या आम्हीच तिला सरकत्या काचा लावल्या. "चाळीत आम्ही काय मेलो होतो?" बाबा म्हणाले. अहो बाबा, चाळीची गॅलरी एका बाजूने सताड उघडी होती! बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. आणि धूर संपून निखारे लाल झाले की आपल्याला वाटतं आता काळजी नाही, पण वायू तेव्हाही निघतच असतो. बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांना मी शेगडीला नाही, त्यांच्या चाळीलाच नाही म्हटल्यासारखं लागलं असावं.

शेवटी पत्र्याची छोटी शेगडी आणली आणि सेक्रेटरींना विचारून गच्चीवर नेली. गच्ची म्हणजे सुटलो, असंही नाही. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ माणसं गेली, ती जागा आमच्यापासून लांब नाही. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांवरच बोट ठेवलं गेलं होतं. म्हणून आडोशाचा कोपरा, वर ताडपत्री नाही, बाजूला पाण्याची बादली आणि वाळू. वारा सुटला तर बेत रद्द. चिरंजीव म्हणाले, "एवढं करायचं तर मोठाच घेऊ." अरे, मोठा पेटवायला कोळसा किती लागतो, आणि विझवून लिफ्टने खाली कोण आणणार?

रविवारी बाबांनी स्वतः पुठ्ठा हलवला. अकराव्या मजल्यावरच्या काकू वासाच्या मागावर वर आल्या, तेव्हा कुठे त्यांची कळी खुलली.

पावसाळ्यात मात्र गच्ची बंद. तेव्हा वांगं गॅसवरच्या जाळीवर. बाबा ते खातात, पण त्याला भरीत म्हणत नाहीत.