विनाइल आटले, तर दोष कारागिराचाच का?

गाडीवर चढवलेले विनाइल दोन-तीन महिन्यांत काठाला आटते. खालचा मूळ रंग दोऱ्याएवढा दिसू लागतो, उघड्या पडलेल्या गमला धूळ चिकटून काळी रेघ उमटते, आणि गाडीचा मालक रागारागाने रॅप लावणाऱ्या कारागिराच्या दारात येऊन उभा राहतो. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कारागीर पदरचे विनाइल घालून काम पुन्हा करून देतो, त्याची स्वतःची मजुरी बुडते, शागिर्दाची मात्र द्यावीच लागते. ज्याने रोल विकला त्या व्यापाऱ्याकडे सहसा कोणी जात नाही, आणि गेलेच तर "लावण्यात चूक झाली असेल" एवढे एकच उत्तर मिळते.

आमचे म्हणणे असे की, यातला बराचसा दोष कारागिराच्या हातातला नसतो, तो रोलबरोबर विकत आलेला असतो. कोणता दोष हाताचा आणि कोणता मालाचा, हे आटलेल्या काठाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले तर बहुतेक वेळा कळते. पण पाहतो कोण? भांडण तोंडी होते आणि तोंडी भांडणात गरीब हरतो.

कापडाच्या व्यापाऱ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. एक तर रेक्झिन आणि सीट कव्हरचे कापड विकणाऱ्या दुकानांतून आता विनाइलचे रोलही विकले जातात. डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, रेडियम या कामांत आपल्या समाजातले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. दुसरे असे की, लावल्यानंतर आटणारा माल हे दुखणे आम्हा कापडवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले आहे आणि त्याचा इलाजही पाहिला आहे.

मागावर कापड ताणात विणले जाते. पुढे ब्लिचिंग, डाईंग, फिनिशिंग करताना ते लांबीत आणखी ओढले जाते. हा ताण कापडाच्या अंगात राहतो आणि पहिल्या धुण्याला सुटतो, म्हणून कापड आटते. आणि आडव्यापेक्षा उभ्या सुतात जास्त आटते. जुने शिंपी त्यासाठी कापड आधी भिजवून, वाळवून मगच कात्री लावत. ज्याने भिजवले नाही त्याच्याकडे गिऱ्हाईक आखूड झालेला पायजमा घेऊन येई, शिंपी दुकानदाराकडे बोट दाखवी आणि दुकानदार शिंप्याकडे. अमेरिकेत सॅनफोर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास कापड कारखान्यातच आटवून घेण्याची रीत काढली. तिलाच सॅनफोराइझ म्हणतात. आपल्याकडच्या गिरण्याही पुढे कापडाच्या किनारीवर तो शिक्का मारू लागल्या. शिक्का असेल तर धुतल्यावर कापड शेकडा एकहून जास्त आटणार नाही, असा त्याचा अर्थ. शिक्क्याचे कापड आटले तर जबाब गिरणीने द्यायचा, बिनशिक्क्याचे आटले तर भिजवले का नाही हे शिंप्याने सांगायचे. वाद संपला.

विनाइलच्या बाजारात असा शिक्का गिऱ्हाइकाला दिसत नाही, हे सगळ्या तंट्याचे मूळ आहे.

रोल कसा बनतो ते पाहा

विनाइल म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म. ती दोन रीतींनी बनते. पहिली कॅलेंडर. हा शब्द कापडवाल्याला नवा नाही. प्रोसेस हाउसमध्ये कापडाला झिलई आणायला रोलरांचे जे मशीन असते त्याचेच हे भावंड. गरम, मऊ पीव्हीसी तापलेल्या रोलरांतून दाबून, ओढून पातळ केले जाते. म्हणजे कापडासारखाच ताण त्याच्या अंगात भरला जातो. दुसरी रीत कास्ट. तीत पातळ केलेले पीव्हीसी खास कागदावर ओतून भट्टीत वाळवतात. ओढाताण नाही, म्हणून अंगात ताणही जवळजवळ नाही. कास्ट फिल्म ५० मायक्रॉनच्या आसपास पातळ असते, कॅलेंडर साधारण ७० ते १०० मायक्रॉन. हात लावून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला जाड माल भारी वाटतो आणि तो फसतो, कारण इथे पातळ माल महाग आणि टिकाऊ आहे.

कॅलेंडरमध्येही दोन जाती. पीव्हीसी मुळात कडक असते, ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. स्वस्त, म्हणजे मोनोमेरिक मालात हा प्लास्टिसायझर लहान रेणूंचा असतो. उन्हात तो हळूहळू गममध्ये आणि हवेत निघून जातो, फिल्म कडक होते, आटते, शेवटी तडकते. पॉलिमेरिक मालात तो मोठ्या साखळीचा असल्याने लवकर सुटत नाही. तेव्हा मोनोमेरिक माल सपाट पाटीसाठी, दुकानाच्या काचेसाठी, थोड्या मुदतीच्या जाहिरातीसाठी ठीक. टेम्पोच्या सपाट बाजूला पॉलिमेरिक चालते. पण मोटारीचा बंपर, आरशाचे कव्हर, दरवाज्याच्या खोल रेघा, पत्र्याच्या नळ्या असलेली व्हॅन, इथे कास्टशिवाय काम टिकणार नाही. पाहिजे तेवढा कसबी उस्ताद आणा, बंपरवर मोनोमेरिक बसवून तो आटू न देणे त्याला जमणार नाही.

आता काठाकडे या. विनाइल सगळ्या काठांनी सारखे मागे सरकले असेल, किंवा रोलच्या लांबीच्या दिशेचे दोन काठ जास्त सरकले असतील, आणि मोकळ्या झालेल्या पट्टीवर गम शिल्लक असेल, तर फिल्म आटली आहे. उभ्या सुताचा नियम इथेही लागू आहे, कारण कॅलेंडरमध्ये ओढ लांबीतच असते. असा काठ दिसला की रोलची जात विचारावी, कारागिराला मागाहून.

एखादाच कोपरा सुटला आहे, खाली गमचा मागमूस नाही आणि पत्रा चकचकीत आहे, तर ते आटणे नव्हेच. तिथे मेण, सिलिकॉन पॉलिश किंवा तेल राहून गेले होते. हा दोष सफाई करणाऱ्याचा. गाडी धुऊन भागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी लागते, आणि विशेषतः दरवाज्याच्या आतल्या कडा, रबराखालची जागा, दिव्यांचे खाचे. कारण विनाइल सुटायला सुरुवात तिथूनच होते. न रंगवलेल्या खरखरीत काळ्या प्लास्टिकवर मात्र साधा गम धरतच नाही. त्याला सफाईचा इलाज नाही, ते काम न घेणे हाच इलाज.

तिसरी खूण अशी की, काठ जागेवर आहेत पण खोल रेघेतले विनाइल वर उचलून पुलासारखे उभे राहिले आहे. हा हाताचा दोष, आणि तो कास्ट मालातही होतो. फिल्म गरम करून खोलात ताणली, पण ताणल्यानंतर पुन्हा तापवून तिची आठवण पुसली नाही. प्लास्टिकला आठवण असते. ताणलेले प्लास्टिक मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते. सिंथेटिक कापडाला स्टेंटरवर १८० ते २०० अंश सेल्सियसला हीट-सेट का करतात? त्याच कारणाने. विनाइलला एवढी उष्णता लागत नाही. बहुतेक कास्ट फिल्मना काम संपल्यावर खोल जागा आणि कडा १०० अंशांच्या आसपास तापवाव्या लागतात. नेमका आकडा त्या त्या कंपनीच्या पत्रकात असतो. हीट गन फिरवली म्हणजे तापले, असे समजू नये. इन्फ्रारेड थर्मामीटर किरकोळ किमतीला मिळतो आणि तो दुकानात नसणे म्हणजे शिंप्याकडे टेप नसणे. फार खोल जागेत ताणण्यापेक्षा वेगळा तुकडा घालून सांधा दडवणे बरे. सांधा दिसतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरते, पण तो आधी दाखवून घेतला तर ऐकते.

काठ नेमका कडेवर कापलेला असेल तर थोडेसे आटणेही डोळ्यांत भरते. कडेच्या आत वळवायला जागा असेल तिथे विनाइल वळवून मगच कापावे. आणि आमच्याकडचा उन्हाळा! जळगाव-मालेगावकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्रा तर त्याहून कितीतरी तापलेला. तापल्या पत्र्यावर गम लगेच पकडतो, कारागीर ओढून सोडवतो, फिल्म नकळत ताणली जाते आणि रात्री थंडाव्यात ती परत जाऊ लागते. सावलीत, पत्रा निवल्यावर काम करावे हे सगळे जाणतात, पण गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळीच हवी असते.

छापणाऱ्याचे काय?

कंपन्यांच्या डिलिव्हरी व्हॅनवर छापील विनाइल लागते, आणि इथे भांडणात तिसरा माणूस येतो, जो बहुधा साफ सुटतो. इको-सॉल्व्हेंट शाईने छापल्यावर शाईतला द्रव फिल्ममध्ये मुरतो आणि तो हवेत निघून जायला वेळ लागतो. निदान २४ तास, गडद रंग भरपूर असेल तर त्याहून जास्त, प्रिंट सैल गुंडाळून उभी ठेवायला हवी. सकाळी छापले, दुपारी लॅमिनेशन केले, संध्याकाळी गाडीवर चढले, तर तो द्रव आत कोंडतो, गम मऊ पडतो, काठ सरकतात आणि वळतात. दुसरी लबाडी लॅमिनेशनची. खाली कास्ट फिल्म आणि वर पैसे वाचवायला कॅलेंडरचे लॅमिनेट. मग वरचे आटते आणि खालच्या चांगल्या मालालाही ओढून नेते. गिऱ्हाईक शपथेवर सांगते की मी कास्टचे पैसे दिले होते. ते खरेही असते. लॅमिनेशनच्या मशीनवर फिल्म फार ताणून चढवली तरी हेच होते. गाडीवर चढवणाऱ्याच्या हाती हा माल येतो तेव्हा वरून काहीच दिसत नाही. म्हणून छपाई किती वाजता झाली आणि लॅमिनेट कुठले, हे विचारल्याशिवाय प्रिंट हातात घेऊ नये.

ज्याला रोलचा भरवसा नाही त्याने घरगुती परीक्षा करावी. भंगारातल्या जुन्या बॉनेटचा सपाट तुकडा चांगला पुसून त्यावर फूटभर विनाइल लावावे, मधोमध धारदार पात्याने फुलीच्या आकाराचा छेद द्यावा आणि पंधरा दिवस उन्हात ठेवून द्यावे. फुली मिटलेलीच राहिली तर माल चांगला. उघडली, तर किती आणि कोणत्या दिशेने उघडली ते पट्टीने मोजावे. दोन व्यापाऱ्यांचे रोल शेजारी शेजारी लावले तर निकाल आपोआप समोर येतो. विकणाऱ्यांनीही ही परीक्षा आपल्या दुकानाबाहेर करून दाखवायला हरकत नसावी.

आता व्यापारी बांधवांशी थोडे स्पष्ट बोलतो. "सात साल कुछ नहीं होगा" हे वाक्य काउंटरवर सर्रास बोलले जाते आणि बिलावर मात्र फक्त "विनाइल, इतके मीटर" असते. मालातला ऐब ठाऊक असून झाकणे आपल्याकडे कसे मानले जाते, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पण निव्वळ व्यवहार पाहिला तरी हे महाग पडू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात मालाच्या दोषाची जबाबदारी फक्त बनवणाऱ्यावर ठेवलेली नाही. कंपनीने दिली नसेल अशी स्वतंत्र हमी विक्रेत्याने दिली आणि माल तसा निघाला नाही, तर तो विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. कंपनीच्या कागदावर उभ्या पृष्ठभागाची मुदत वेगळी आणि बॉनेट-टपाची, जिथे ऊन थेट पडते, त्याहून बरीच कमी असते. काउंटरवरच्या सात वर्षांत हा फरक कुठे असतो?

म्हणून मागणी साधी आहे. बिलावर फिल्मची जात लिहावी: मोनोमेरिक, पॉलिमेरिक की कास्ट. लॅमिनेट असेल तर त्याचीही जात, रोलचा बॅच नंबर, आणि कंपनीने सांगितलेली मुदत, उभ्या व आडव्या पृष्ठभागाची वेगवेगळी. कारागिरानेही गिऱ्हाइकाला द्यायच्या पावतीवर हेच उतरवावे, आणि ज्या जागा सुटण्याची शक्यता आहे त्या आधीच नोंदवाव्यात. रोलचा हातभर तुकडा गाडीचा नंबर लिहून ठेवून द्यावा, तक्रार आली की तोच बोलेल.

काही व्यापारी म्हणतात, असे लिहून दिले तर गिऱ्हाईक स्वस्त माल घेणारच नाही. हे बरोबर नाही. निवडणुकीपुरता टेम्पो सजवणारा, किंवा सहा महिन्यांची जाहिरात लावणारा, मोनोमेरिकच घेईल आणि घ्यावेच. त्याला कास्ट विकणे हीदेखील लूटच. त्याला तोच माल द्या, रास्त भावाने द्या, पण बिलावर "मोनोमेरिक, थोड्या मुदतीसाठी" एवढे लिहा. मग सहा महिन्यांनी काठ आटला तरी तो माणूस कारागिराची कॉलर धरायला येणार नाही.