पानावरची गोष्ट

मुलांना गोष्टी सांगाव्या कशा, हे आमच्या वाचकभगिनी पुष्कळदा विचारतात. मुलांकडून त्या वदवून घ्याव्या कशा, हे क्वचितच कोणी विचारते. "आपल्या घराण्याची गोष्ट सांग पाहू," असे म्हणताच मूल परीक्षेस उभे केल्यासारखे गप्प होते. त्यापेक्षा पानावर बसले असता, वाढलेल्या पदार्थाविषयी एखादा प्रश्न टाकावा आणि आपण स्वस्थ राहावे.

गेल्या श्रावणात मुळशी तालुक्यात, पौडास, एका स्नेह्यांकडे आम्ही जेवावयास होतो. भात आंबेमोहोराचा होता. आंब्याच्या मोहोराचा तो सुवास हेच त्या तांदळाचे भूषण. आजी सात वर्षांच्या नातवास म्हणाल्या, "आपला भात पूर्वी कोठे पिकत असे, ते पाहुण्यांना सांग."

"आमचे शेत धरणाच्या पाण्याखाली आहे. तेथे आता मासे भात लावतात."

वडील चूक दुरुस्त करणार, तोच आजींनी त्यांना खुणेने थांबविले. आम्हांस हे फार आवडले. मध्येच सुधारलेले मूल पुढचे वाक्य आपले म्हणून बोलत नाही.

मग नातवानेच विचारले, "मासे येण्यापूर्वी कोण लावत असे?"

"आपली कुळे."

"ती कोठे गेली?"

आजींच्या हातातील वरणाची पळी तशीच राहिली.

मुळा व नीळा यांच्या संगमावरील ते धरण मुंबईस वीज पुरविण्याकरिता झाले. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिले. एवढे मुले पुस्तकात वाचतात. पुण्यातील बऱ्याच जमीनमालक सावकारांनी मोबदल्याची वाट धरली आणि जमीन कसणारे मावळे एकटे पडले, हे मात्र आम्हां पांढरपेशांच्या पंगतीत सहसा वाढले जात नाही.

"पैसे आपल्याला मिळाले," आजी काही वेळाने म्हणाल्या. "त्यांचे काय झाले, हे मी सासूबाईंना कधी विचारले नाही."

मुलापुढे हे बोलावे काय, असे कोणी म्हणेल. मुलानेच विचारले होते, एवढेच आमचे उत्तर.

ताकभात होईपर्यंत नातू बोलला नाही. हात धुताना मात्र आम्हांस गाठून त्याने ती गोष्ट पुन्हा सांगितली. मासे तिच्यात तसेच होते. पण आता आरंभी एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून भाताची आवणी करीत होता.