कबुतरांचे दाणे आणि उपनगरांचा श्वास

मुंबई, विशेष प्रतिनिधी

कबुतरांना दाणे टाकण्यासाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस चार जागा मुक्रर केल्या. त्यांपैकी वरळी जलाशयाचा परिसर वगळता उरलेल्या तिन्ही जागा उपनगरांतील आहेत : अंधेरी पश्चिमेतील लोखंडवाला बॅक रोडलगतचा खारफुटीचा भाग, ऐरोली-मुलुंड जकात नाका परिसर आणि बोरिवली पश्चिमेतील गोराई मैदान. दाणे टाकण्याची वेळ सकाळी सात ते नऊ अशी ठरविण्यात आली आणि स्वच्छतेची जबाबदारी स्वयंसेवी संस्थांवर सोपविण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. दादरच्या कबुतरखान्यावरून पेटलेला वाद अशा रीतीने उपनगरांच्या उंबरठ्यावर आला. जीवदया विरुद्ध सार्वजनिक आरोग्य असे या वादाचे स्वरूप रंगविले गेले असले, तरी वैद्यकीय संशोधन काय सांगते, याची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

या प्रकरणाचा क्रम थोडक्यात असा. शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत जाहीर केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दाणे टाकण्यास अंतरिम परवानगी नाकारली आणि मनाई मोडणाऱ्यांवर गुन्हे नोंदविण्याचे निर्देश दिले. दादरच्या कबुतरखान्यावर घातलेले ताडपत्रीचे आच्छादन ६ ऑगस्ट रोजी जमावाने फाडले. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने स्पष्ट केले, की कबुतरखाने बंद करण्याचा आदेश आपण दिलेला नाही. महापालिकेच्या निर्णयात केवळ हस्तक्षेप केलेला नाही. पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला.

फुप्फुसाचा दाह

कबुतरांशी निगडित सर्वांत चिंताजनक आजार म्हणजे ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’. हा जंतूंचा संसर्ग नव्हे. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांवरील भुकटी यांतील प्रथिने श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध अवाजवी प्रतिक्रिया देते. त्यातून वायुकोशांना सूज येते. एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर संपर्क आल्यास काही तासांत ताप, खोकला आणि धाप लागते. मात्र थोडा थोडा संपर्क वर्षानुवर्षे होत राहिला, तर लक्षणे हळूहळू उमटतात आणि फुप्फुसाची ऊती कायमची घट्ट होत जाते. यालाच ‘फायब्रोसिस’ म्हणतात. घट्ट झालेला भाग पूर्ववत होत नाही. संपर्क आलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही. परंतु कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

भारतात हा आजार दुर्मीळ मानला जात असे. देशातील २७ केंद्रांतील १,०८४ रुग्णांच्या नोंदवहीवर आधारित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या समजाला तडा गेला. फुप्फुसाच्या ऊतींच्या आजाराच्या या रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असल्याचे आढळले. त्यांतील अनेकांचा संपर्क पक्ष्यांशी होता. तथापि कूलरमधील बुरशीशी संबंध असलेल्यांचे प्रमाण त्याहून अधिक होते. म्हणजेच सारा दोष कबुतरांच्या माथी मारणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना निर्दोष ठरविणेही.

उपचारांची पहिली पायरी म्हणजे कारण ओळखून त्यापासून दूर राहणे. ज्यांच्या आजाराचे कारण सापडले नाही, ते रुग्ण कारण सापडलेल्यांच्या तुलनेत कमी काळ जगतात, असे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले. स्टेरॉइडने दाह आटोक्यात येतो. ‘निन्टेडानिब’ या औषधाने फायब्रोसिसची गती मंदावते, हे २०१९ मधील ‘इनबिल्ड’ चाचणीने दाखवून दिले. मात्र गेलेली फुप्फुसक्षमता ते परत आणून देत नाही.

मेंदू आणि मन

दुसरा धोका मेंदूचा आहे. कबुतरांच्या विष्ठेत ‘क्रिप्टोकोकस’ ही बुरशी वाढते, हे १९५५ पासून ज्ञात आहे. निरोगी व्यक्तीचे शरीर बहुधा तिला थोपवून धरते. परंतु एचआयव्हीची प्रगत अवस्था किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांमध्ये ती फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. हा मेंदूज्वर वेळीच उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतो आणि वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी वा स्मरणशक्ती कायमची बाधित होते. सरसकट भीती बाळगण्याचे कारण नाही. पण अशा रुग्णांच्या घरालगत दाणे टाकले जाऊ नयेत, एवढी अपेक्षा रास्त ठरते.

मनाचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंना आहे. सततची धाप माणसाला घरात कोंडते. जिना चढण्याची धास्ती, कामावरील गैरहजेरी, ऑक्सिजनच्या यंत्रावरील अवलंबन यांतून चिंता आणि नैराश्य वाढते; स्टेरॉइडमुळे झोप आणि मनःस्थिती आणखी बिघडू शकते. दुसरीकडे, रोज सकाळी मूठभर ज्वारी घेऊन निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो धर्माचरणाचा भाग असतो आणि कित्येकांच्या एकाकी दिवसातील एकमेव ठरलेली भेटही. दंडाची पावती हातात दिल्याने ही गरज संपत नाही. तो माणूस मग गच्चीवर किंवा खिडकीत दाणे टाकू लागतो आणि धोका मैदानातून थेट घरात येतो.

जागा बदलून काय साधणार?

उपनगरांतील सर्वांत जवळचा संपर्क इमारतींतच होतो. एअर कंडिशनरच्या मागची फळी, स्वच्छतागृहाचा डक्ट, बंद खोलीची बाल्कनी ही कबुतरांची घरटी घालण्याची ठिकाणे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालानुसार देशात कबुतरांची संख्या झपाट्याने वाढत आहे. आयते दाणे मिळाले की कबुतरांची वीण वर्षभर चालू राहते.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहराचा अनुभव येथे उपयोगी पडावा. १९८८ मध्ये तेथे मोहीम सुरू झाली. लोकांना दाणे न टाकण्याचे आवाहन, देखरेखीखालील खुराडी आणि तेथील अंडी नियमितपणे काढून घेणे अशा तिन्ही उपायांची सांगड घालण्यात आली. सुमारे पन्नास महिन्यांत कबुतरांचे थवे निम्म्यावर आले. तत्पूर्वी कबुतरे मारण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसले होते. मुंबईच्या चार जागांमध्ये केवळ दाणे टाकण्याची वेळ ठरली आणि वीण रोखण्याची योजना नसली, तर दादरचा प्रश्न अंधेरी, बोरिवली आणि मुलुंडला वाटून दिल्यासारखे होईल.

याहून मूलभूत उणीव आकडेवारीची आहे. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची नाही. परिणामी एक बाजू रुग्ण वाढल्याचे सांगते, दुसरी पुरावा मागते आणि न्यायालयापुढे तज्ज्ञांची मतेच येतात. कूपर, राजावाडी, कांदिवलीचे शताब्दी या पालिका रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत जुना खोकला घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘घराजवळ कबुतरे आहेत का, घरात कूलर किंवा ओल आहे का’ एवढे विचारून उत्तर केसपेपरवर लिहिले, तरी काही वर्षांत प्रभागनिहाय चित्र हाती येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. चार जागांचा निर्णय पुढे टिकवायचा की मोडीत काढायचा, हे ठरविताना घोषणांपेक्षा अशा नोंदीच अधिक उपयोगी पडतील.